नाणं टाकल्यावर चालणारा प्रियकर



रेल्वे स्टेशनवरचा तो जुना वजनकाटा आठवतो का? काचेआड फिरणारी रंगीत चकती, लुकलुकणारे दिवे. चकती थांबली की नाणं टाकायचं, आतून खट्ट आवाज यायचा आणि जाड पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य किंवा स्वभाव. आपण प्रेमळ आहोत, कष्टाळू आहोत, लवकरच चांगले दिवस येणार आहेत, वगैरे. मशीनला आपल्याबद्दल काहीएक माहीत नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी वजन वाचून झाल्यावर तिकीट उलटं करून पाहत नसे असा माणूस विरळाच.

आजची पोस्ट त्या तिकिटाच्या मागच्या बाजूबद्दल आहे. निमित्त आहे एका इंग्रजी गाण्याचं. 'कॉइन-ऑपरेटेड बॉय', म्हणजे नाणं टाकल्यावर चालणारा मुलगा. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातली 'द ड्रेस्डेन डॉल्स' ही दोघांची जोडी: पियानोवर आणि गायला अमांडा पामर, ड्रमवर ब्रायन विग्लिओनी. त्यांच्या २००३ सालच्या अल्बममध्ये हे गाणं आहे.

माझं संशोधन गाण्यातल्या 'मी'वर चाललंय. गाणारी व्यक्ती 'मी' म्हणते, तेव्हा तो 'मी' कोणाचा असतो? लिहिणाऱ्याचा, गाणाऱ्याचा, की पैसे मोजून ऐकणाऱ्याचा? या प्रश्नासाठी हे गाणं फार कामाचं आहे. आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलीला त्यात काय सापडलं, तेही शेवटी सांगते.

आधी 'डार्क कॅबरे' म्हणजे काय

'कॅबरे' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेलन येते. तो अर्थ जरा बाजूला ठेवा. पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्लिनमध्ये कॅबरे म्हणजे छोटं सभागृह, टेबलखुर्च्या, आणि मंचावर टोचून बोलणारी गाणी. चाल गोड, मजकूर कडू. या वातावरणातूनच बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचा 'थ्रीपेनी ऑपेरा' १९२८ साली बर्लिनच्या रंगभूमीवर आला. चोर, भिकारी आणि वेश्या गाताहेत आणि समोर बसलेल्या सभ्य माणसांना त्यात स्वतःचा चेहरा दिसतोय, असा सगळा मामला.

हे काही आपल्याला अगदीच परकं नाही. पु. ल. देशपांड्यांनी याच नाटकाचं मराठी रूप केलं: 'तीन पैशाचा तमाशा'. जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीनं ते १९७८ मध्ये रंगमंचावर आणलं. त्यात नंदू भेंडे अंकुश झाले होते. म्हणजे बर्लिनचा कॅबरे मराठीत आणायचा तर त्याला जवळचा शब्द कोणता, याचं उत्तर पुलंनी शीर्षकातच देऊन ठेवलंय. तमाशा. हा शब्द लक्षात ठेवा, आपण परत त्याच्याकडं येणार आहोत.

ड्रेस्डेन डॉल्स स्वतःच्या संगीताला 'ब्रेख्तियन पंक कॅबरे' म्हणतात. चेहऱ्याला पांढरा रंग, बाहुल्यांसारखी वेशभूषा आणि चालीत ती जुनी बर्लिनची कडवट गोडी. अशा संगीताला आज 'डार्क कॅबरे' हे नाव आहे.

गाणं आतून कसं चालतं

गाण्यातली बाई सांगते की तिच्याकडं एक खेळण्यातला मुलगा आहे. प्लास्टिकचा. फळीवर बसलेला असतो, चालू केला की जिवंत होतो. भांडत नाही, गुंतागुंत नाही, टिकाऊ आहे. याहून जास्त कोणाला काय हवं? चाल एकदम चावीच्या खेळण्यासारखी. पियानो टकटक तोडून वाजवलेला, ड्रम ठोकळेबाज, आवाजही सपाट. खेळणं तिचं आहे, पण खेळण्यासारखी गातेय ती स्वतः. पहिली गंमत ही.

दुसरी गंमत ऐन भरात येते. आता मी कधीच एकटी राहणार नाही, असं ती ठणकावून सांगत असते आणि नेमकी तिथंच गाण्याची तबकडी अडकते. तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा, जशी चरा पडलेली रेकॉर्ड. गंमत म्हणजे कुठलीही तबकडी खराब झालेली नाही. दोन जिवंत माणसं ते अडकणं हातानं वाजवताहेत, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमातही तसंच वाजवतात. ज्या वाक्यावर तिला सगळ्यात जास्त विश्वास ठेवायचाय, तेच वाक्य मशीनमध्ये अडकतं.

तिसरी जागा मधल्या भागात आहे. तिथं लय सैल होते, आवाज मऊ होतो. आणि ती चक्क सांगून टाकते की हा भाग तुम्हाला माझी दया यावी म्हणूनच लिहिलाय. म्हणजे आपल्या काळजाला हात घालताना ती स्वतःच स्वतःचा हात पकडून दाखवते. मग ती कोणा खऱ्या माणसाशी बोलू लागते. आशय साधारण असा: या प्लास्टिकच्या स्वप्नातून मला कोणी बाहेर काढेल असं वाटत नाही, पण मी तुला दूर ढकललं, माझं प्रेम कधीच बसणार नाही असं पैजेवर सांगितलं, तरी तू टिकशील का? त्यानंतर गाणं परत चावीच्या चालीवर जातं.

सगळं गाणं या एका प्रश्नावर उभं आहे. खेळण्याला हा प्रश्न विचारताच येत नाही. त्याला ढकललं तर ते पडेल, फळीवर ठेवलं तर बसेल. ते सोडून जाऊ शकत नाही, म्हणून त्याचं सोबत राहणं हा कशाचाच पुरावा होत नाही. तिला हवाय तो जाऊ शकणारा आणि तरी न जाणारा माणूस. आणि तो मागायची भीती वाटते, म्हणून ती खेळण्याची जाहिरात करतेय. खरी माणसं आपल्याच हातून मोडतात, हेही ती जाता जाता बोलून जाते. तेव्हा हे गाणं यंत्रावरच्या प्रेमाचं आहे असं मी म्हणणार नाही. माणसाच्या भीतीचं आहे.

मशीन बिघडतं तिथं खरं ऐकू येतं, ही युक्ती जुनी आहे. जर्मन लेखक ई. टी. ए. हॉफमन यांच्या १८१६ च्या एका कथेत एक तरुण ऑलिंपिया नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो. ती कळीची बाहुली असते. १८८१ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आलेल्या ऑफेनबाखच्या ऑपेरात ही ऑलिंपिया गाते. गाता गाता चावी संपते, सूर खाली घसरतो, कोणीतरी येऊन चावी देतं, ती पुन्हा गाऊ लागते. प्रेक्षकांना सगळं दिसतं. फक्त प्रेमात पडलेल्याला दिसत नाही.

आपल्याकडची सोन्याची सीता

आता जरा घराजवळ येऊ. आठव्या शतकातला नाटककार भवभूती हा विदर्भातल्या पद्मपूरचा मानला जातो. त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकाच्या तिसऱ्या अंकात रामानं सीतेचा त्याग करून बारा वर्षं उलटलीत. तो दंडकारण्यात आलाय. सीता त्याच्या शेजारीच आहे, पण वरदानामुळं त्याला दिसत नाही. बोलता बोलता राम म्हणतो की अश्वमेध यज्ञासाठी माझ्याजवळ सहधर्मचारिणी आहे. अदृश्य सीतेच्या काळजाचा ठोका चुकतो. दुसरं लग्न केलं की काय? मग तो वाक्य पूर्ण करतो: सीतेचीच सोन्याची प्रतिमा. तिच्याकडं बघून मी डोळ्यांना विरंगुळा देतो.

मला हा प्रसंग त्या गाण्याच्या बाजूला ठेवून वाचायला आवडतो. दोन्हीकडं माणसाच्या जागी वस्तू बसवलीय. पण भवभूतीची प्रतिमा जागा भरून काढत नाही, जागा रिकामी आहे हे दाखवत राहते. सोन्याची सीता म्हणजे खरी सीता इथं नाही याची रोजची आठवण. प्लास्टिकचा मुलगा मात्र कोणाचीच आठवण नाही. तो कोणी गेलंच नाही असं भासवण्यासाठी आहे. शिवाय एक बोचरी गोष्ट आहेच. सोन्याची सीता रामाला एकही प्रश्न विचारत नाही. मला का टाकलंस, हे विचारू शकणारी सीता तिथंच उभी आहे आणि त्याला ती दिसत नाही.

तमाशात नाणं कुठं पडायचं

आता तमाशाकडं परत. पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ या शाहिरांनी लावण्या रचल्या. विरहाच्या, शृंगाराच्या, बाईच्या तोंडी घातलेल्या. म्हणजे 'मी तुमच्यावाचून झुरतेय' हे लिहिणारा पुरुष, गाणारी बहुतेक वेळा बाई, ऐकणारा पुन्हा पुरुष. तो 'मी' कोणाचा, हा माझा प्रश्न इथंच धारदार होतो.

त्यात दौलतजादा. प्रेक्षकानं पैसे पुढं करायचे आणि गाणारीनं त्याच्याकडं बघून, त्याच्या फर्माइशीप्रमाणं गायचं. पैसे दिल्यावर झुरणं सुरू. राजेहो, नाण्यावर चालणारी प्रिया आपल्याकडं कधीचीच होती. फरक इतकाच की ती प्लास्टिकची नव्हती. तिला पोट होतं, लेकरं होती, कंबर दुखायची. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये लावणी कलावंतांवर लिहिलेल्या लेखात ही बाजू मांडली. लावणीतली कामुकता आणि ती सादर करणाऱ्या बायकांची जात, त्यांचं पोट, त्यांचं श्रम यांना वेगळं करता येत नाही.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कार्यक्रमाच्या मध्येच मागं जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. कलेवरच्या निष्ठेचा दाखला म्हणून आपण ही गोष्ट सांगतो, आणि ती निष्ठा होतीच. पण तीच गोष्ट दुसऱ्या बाजूनंही वाचून बघा. थांबायचं नाही, ही अपेक्षा आपण यंत्राकडून करतो.

म्हणून ड्रेस्डेन डॉल्सचं गाणं ऐकताना मला उलटापालट झालेली बैठक दिसते. इथं नाणं बाईच्या हातात आहे आणि चावीचं बाहुलं पुरुष आहे. पहिल्यांदा ऐकताना हसू येतं, कारण हिशेब चुकता झाल्यासारखा वाटतो. पण तबकडी अडकते तेव्हा कळतं, नाणं टाकणाराही सुटलेला नाही.

चॅटबॉटनं काय बदललं

२००३ मध्ये हे गाणं विनोद होता. आज फोनमध्ये प्रियकर किंवा प्रेयसी म्हणून बोलणारी अॅप आहेत. त्यांचा पूर्वज १९६६ चा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्राम केला. तो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा. तुम्ही म्हणालात मी उदास आहे, की तो विचारणार तुम्ही उदास का आहात. यापलीकडं आत काही नव्हतं. तरी वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं, जिनं तो प्रोग्राम तयार होताना पाहिला होता, थोडा वेळ बोलल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला खासगी बोलायचं होतं. वजनकाट्याच्या तिकिटाची मागची बाजू ती हीच.

२०१७ मध्ये 'रेप्लिका' हे सोबतीचं अॅप आलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या डेटा संरक्षण प्राधिकरणानं त्यावर निर्बंध घातले आणि त्याच सुमारास कंपनीनं त्यातलं शृंगारिक संभाषण बंद केलं. आपला माणूस एका रात्रीत बदलला, अशा भावनेनं अनेक वापरकर्ते कोलमडले. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण बघा, इथंही सोबती स्वतःहून गेला नाही. तो बदलला एका कचेरीतल्या निर्णयानं. नाणं टाकायची फट कोणाच्या मालकीची आहे, हे त्या दिवशी कळलं.

याने एकटेपणा कमी होतो का? २०२५ मध्ये एमआयटी मीडिया लॅब आणि ओपनएआय यांनी ९८१ जणांवर चार आठवडे चाललेला अभ्यास प्रसिद्ध केला. रोज जास्त वेळ चॅटबॉटशी बोलणाऱ्यांमध्ये एकटेपणा आणि अवलंबून राहणं जास्त, तर माणसांत मिसळणं कमी आढळलं. इथं एक सावधगिरी. जास्त वापरल्यामुळं एकटेपणा वाढला, की जे जास्त एकटे होते तेच जास्त वापरत होते, हे एवढ्या संबंधावरून ठरवता येत नाही. बातमीचा मथळा वाचताना हा फरक विसरू नका.

माझ्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचा बदल वेगळाच आहे. गाण्यातलं मशीन अडकतं. ऑलिंपियाची चावी संपते. त्या बिघाडातून ऐकणाऱ्याला जाग येते. चॅटबॉट बनवणाऱ्यांची सगळी मेहनत ती अडकण्याची जागा पुसून टाकण्यासाठी आहे. तो रात्री दोनलाही तितक्याच मायेनं उत्तर देतो. गाणं आपल्याला सांगून टाकतं की हा भाग तुमची दया यावी म्हणून लिहिलाय. अॅप हे मध्येच थांबून सांगत नाही.

आणि हे बुलढाण्यात का सांगतेय

आमच्याकडं चिखली, मेहकर, मोताळ्याच्या कोणत्याही लग्नात एक वाक्य ऐकू येतं: "पोराले पोरगी भेटून नाही राहिली." शेती आहे, पण नोकरी नाही. तिशी ओलांडलेली मुलं घरोघर आहेत. हा फक्त आपल्या जिल्ह्याचा प्रश्न नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न झालेले तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले होते. लोक हसले. पण त्यांच्या मागण्यांत गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा, ही मागणीही होती.

तिच्यामागचा आकडा बघा. २००१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ८५५. ती २०११ ची मुलं आता कॉलेजच्या वयात येताहेत, हातात फोन घेऊन.

म्हणून मला 'भेटून नाही राहिली' हे क्रियापद खुपतं. बियाणं भेटत नाही, युरिया भेटत नाही, तशी पोरगी भेटत नाही. जणू ती दुकानात यायची होती आणि गाडी चुकली. ज्या घरांनी मुलगी नको म्हटलं, त्याच घरांना आता सून हवीय, आणि जी आहे तिनं नकार दिला की तिच्या अपेक्षा वाढल्या म्हणायचं. आपण मुलीला आधीच नाणं टाकल्यावर हजर होणारी वस्तू समजत असू, तर उद्या खरंच तशी वस्तू फोनमध्ये आली की आश्चर्य कसलं?

पण ज्याचं वय चाललंय, ज्याला जेवलास का असं विचारणारं कोणी नाही, त्या मुलाचं झुरणं मात्र खरं आहे. त्याची टिंगल करून काही साधत नाही. तो रात्री फोनशी बोलत असेल, तर ते मला एलायझापुढं बसलेल्या त्या सेक्रेटरीइतकंच माणसासारखं वाटतं. मशीन त्याला उत्तर देईल, आणि कदाचित ती रात्र सोपीही जाईल. फक्त ते मशीन त्याला कधी नाही म्हणणार नाही. आणि नाही म्हणू शकणाऱ्या व्यक्तीनं हो म्हणणं काय असतं, हे त्याला तिथं कळणार नाही.

माझ्याच वयाच्या ज्या मुलीला आज 'अपेक्षा वाढल्या' असं ऐकवलं जातंय, तिचा नकार म्हणूनच मला मोलाचा वाटतो. तो नकार शक्य आहे, तोवरच तिच्या होकाराला किंमत आहे. घरात हे बोलायला अवघड आहे, मला माहितीय. अशा वेळी हे गाणं लावून बघा. इंग्रजी कळलं नाही तरी चालेल. तबकडी कुठं अडकते, ती जागा कानाला बरोबर सापडते.

पुढच्या पोस्टमध्ये बैठकीच्या लावणीतल्या फर्माइशीबद्दल लिहिणार आहे: 'पुन्हा म्हणा' असं सांगितल्यावर गाणारी तीच ओळ दर वेळी वेगळी कशी म्हणते, आणि ते का.